घोंगडी क्रमांक ११७

सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्यांच्या जागेतून आम्ही चौघं एक ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र होऊन खेळायचा खेळ, चालवतो. खेळ मराठीत आहे, मोबाइलवर चालतो. गड, घाट, नदीकाठची गावं आणि बाजारपेठा असं त्याचं जग. नाणं होन. रात्री साडेनऊनंतर तीन-चारशे माणसं त्यात असतात. बहुतेक सांगली, मिरज, तासगाव, विटा, कोल्हापूर या बाजूची.

गेल्या श्रावणात या खेळात गुरुवार ते सोमवार जे घडलं, ते इथे सबंध मांडतो आहे. आमच्यासारखे लहान गट आता गावोगावी खेळ बनवायला लागलेत, आणि त्यातला प्रत्येक गट कधी ना कधी स्वतःच्या तपासणीसाठी या घोंगडीसारखी भलत्या ताकदीची वस्तू बनवणारच, याची मला खात्री आहे. आमच्याकडे ती मी बनवली होती, म्हणून लिहायचं कामही माझंच.

वस्तू का बनवावी लागली

खेळातला सगळ्यात अवघड गड आठ जणांनी मिळून घ्यायचा असतो. शेवटच्या दाराशी किल्लेदार उभा. सरावलेल्या गटालाही त्याला पाडायला चाळीस मिनिटं लागतात. तो पडला की पेटारा उघडतो आणि त्यातून दोन पोलादी कट्यारी निघतात. बाजारात त्यांचा भाव चाळीस हजार होनांच्या आसपास असायचा, कारण अख्ख्या खेळात आठवड्याला जेमतेम चार-सहा कट्यारी यायच्या.

कोडमध्ये काहीही बदल केला की हे सगळं पुन्हा तपासावं लागतं. किल्लेदार पडल्यावर दार उघडतं का? पेटाऱ्यात दोनच वस्तू येतात का? गटातल्या सगळ्यांना त्याची नोंद मिळते का? आम्ही चार, गडाला हवेत आठ, आणि दर वेळी चाळीस मिनिटं. म्हणून एका रात्री मी एक घोंगडी तयार केली. अंगावर घेतली की कुणाचाही वार लागत नाही. वापरली की पडद्यावर दिसतील तेवढे सगळे शत्रू जागीच मरतात. वस्तूंच्या तक्त्यात तिला ११७ क्रमांक मिळाला. नाव दिलं नुसतं ‘घोंगडी’. नवं चित्र काढायला वेळ नव्हता, म्हणून खेळाडूंना मेंढपाळांच्या वाड्यावर मिळणाऱ्या ‘धनगरी घोंगडी’चंच चित्र जोडलं. वर्णनाचा रकाना कोरा ठेवला.

त्या रात्रीपासून गडाची तपासणी तीन मिनिटांत व्हायला लागली. पुढचं दीड वर्ष ती घोंगडी आमच्या चार चाचणी-खात्यांत आणि त्या तक्त्यात पडून होती.

खेळ बनवणाऱ्यांची ही सवय जुनी आहे. १९८६ साली ‘ग्रॅडियस’ हा विमानांचा खेळ घरगुती यंत्रावर आणताना काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रामरला तो स्वतः तपासण्यापुरताही खेळता येईना, इतका तो अवघड होता. म्हणून त्यानं बटणांचा एक क्रम ठेवला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी आणि ए. तेवढं दाबलं की विमानाला सगळी शस्त्रं मिळायची. तो क्रम विकलेल्या खेळातही राहून गेला, आणि पुढे ‘कोनामी कोड’ म्हणून जगभर पोरांच्या तोंडी झाला. त्यानं कुणाचं नुकसान झालं नाही, कारण खेळणारा एकटाच होता. आपल्या घरात, आपल्या टीव्हीसमोर, आपल्याच विमानाला त्यानं शस्त्रं दिली. शेजारच्या घरातल्या पोराच्या खेळाला धक्का लागला नाही.

ऑनलाइन खेळात मात्र सगळ्यांचा बाजार एक असतो. तिथल्या वस्तूला पाय असतात. ती विकता येते, भेट देता येते, टपालाने पाठवता येते, मेलेल्याच्या पेटीतून उचलता येते, हरवली तर परत मागता येते. किंबहुना वस्तू हातातून हातात जावी म्हणूनच तर आम्ही महिनोन्महिने कोड लिहितो. आणि तपासणीची सगळी ताकद मी नेमकी अशा फिरणाऱ्या चीजेत भरली होती.

गुरुवार ते सोमवार

गुरुवारी रात्री दहाच्या सुमारास सर्व्हर बंद पडला. परत सुरू झाला तेव्हा आधीच्या चाळीस मिनिटांची नोंद जतन झालेली नव्हती. या काळात ज्यांनी काही मिळवलं ते गेलं. शुक्रवारी दुपारपर्यंत त्रेसष्ट तक्रारी आल्या. खेळाडूंशी बोलण्याचं काम आमच्यातल्या ताई करतात. त्या एकेकाचं पाहून वस्तू परत पाठवत होत्या.

तासगाव तालुक्यातल्या एका गावचा, अकरावीत शिकणारा एक मुलगा. त्याची धनगरी घोंगडी गेली होती. ताईंनी वस्तू परत देण्याच्या पडद्यावर ‘घोंगडी’ असं टाइप केलं. दोन ओळी आल्या, दोन्हींना चित्र तेच. वरची ओळ निवडली. वर ११७ होती, कारण तिचा क्रमांक लहान. चार वाजून दहा मिनिटांनी घोंगडी मुलाच्या टपालात पडली. सोबत आमचा ठरलेला मजकूर: ‘झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. आपली वस्तू परत पाठवत आहोत.’

इथे थोडं थांबून सांगतो. यात कुणी सर्व्हर फोडला नाही, पासवर्ड चोरला नाही, कोडमध्ये फट शोधली नाही. तक्रारीला वेळेवर उत्तर देणाऱ्या एका माणसाच्या चांगुलपणातून ती वस्तू बाहेर गेली. ताईंनी पुढे दोन दिवस स्वतःला फार लावून घेतलं, कामच सोडते म्हणाल्या. मी त्यांना तो पडदा पुन्हा उघडून दाखवला. एकाच चित्राच्या दोन ओळी, कोरं वर्णन. त्रेसष्टाव्या तक्रारीला कुणीही वरचीच ओळ निवडली असती. त्या पडद्याला मास्टर तक्ता, म्हणजे खेळातल्या सगळ्या वस्तूंची यादी, जोडणारा मी, आणि चित्र उसनं घेणाराही मीच.

शुक्रवारी रात्री अकरा वीसला मुलगा गडावर एकटाच गेला. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर ठेवतो त्या नोंदींत, त्याचं बोलणं आहे. गटाच्या गप्पांत त्यानं लिहिलं, ‘अरे हे बघा काय दिलंय मला.’ त्या रात्री त्यानं किल्लेदार पाच वेळा पाडला. दहा कट्यारी मिळाल्या. नऊ त्यानं मित्रांना फुकट वाटल्या आणि एक चाळीस हजारांना विकली.

एका गटानं एका दिवसात गडावर किती वेळा जावं याला आमच्याकडे बंधन नव्हतं. आठ माणसं आणि चाळीस मिनिटं हेच पुरेसं बंधन आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

शनिवारची रात्र वेगळी आहे. त्यानं गटाच्या गप्पा बंद केल्या, स्वतः ऑनलाइन असल्याची खूण लपवली. दोन ते पाच या वेळात चौदा वेळा किल्लेदार पाडला. दर वेळी बाजारात यायच्या आधी घोंगडी उतरवून पेटीत ठेवली. अठ्ठावीस कट्यारी. त्यातल्या सात रविवारी दिवसभरात विकल्या, एकवीस पेटीत राहिल्या.

आमच्या यंत्रणेला यातलं काहीही दिसलं नाही. दिसलं ते सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्यांना. वय पन्नाशीच्या पुढे. दिवसभर राजापुरी हळदीचे सौदे आणि रात्री तास-दीड तास आमचा खेळ. लढाईत त्यांना रस नाही, ते खेळातल्या बाजारपेठेत व्यापार करतात. सोमवारी सकाळी, सौदे सुरू व्हायच्या आधी, त्यांचा फोन आला.

“काय ओ, कट्यारीची आवक कुठनं वाढली?”

मी म्हटलं, काका, वाढली नसेल, कुणी साठवलेल्या काढल्या असतील.

“साठवलेला माल असा येत न्हाई. साठवणारा भाव बघून काढतो. ह्यो पडत्या भावात काढाय लागलाय. चाळीसची बावीसवर आणली दोन दिवसांत, आणि विकणारा एकच. ज्याला माल फुकट पडलाय तोच असं विकतो.”

मी लॉग उघडला. आठ विक्री, भाव असे: चाळीस, अडतीस, छत्तीस, तेहतीस, तीस, सत्तावीस, चोवीस, बावीस हजार. एकूण अडीच लाख होन. पुढच्या दहा मिनिटांत ११७ हा आकडा डोळ्यांसमोर आला, आणि मी खुर्चीत बसूनच राहिलो.

हे आधीही झालेलं आहे

त्या सकाळी आमच्यातला जो मित्र पुण्यात मोठे सर्व्हर सांभाळून परत आला आहे, त्यानं लगेच २००९चं उदाहरण काढलं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ‘मार्टिन फ्युरी’ नावाचा एक सदरा होता. वस्तूंच्या तक्त्यात त्याचा क्रमांक १७, म्हणजे अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी. वापरला की तीस यार्डांच्या आतले सगळे शत्रू मरायचे. खेळ चालवणाऱ्यांपुरतीच ती वस्तू होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये ती एका खेळाडू-गटाच्या हाती लागली. हरवलेल्या वस्तू परत मिळाल्या त्यात ती टपालाने आली, असं त्या खेळाडूंचं म्हणणं होतं. त्या गटानं नुकताच खुला झालेला ‘उल्दुआर’ हा अवघड भाग तिच्या जोरावर झरझर संपवला. कंपनीनं मुख्य खेळाडूचं खातं कायमचं बंद केलं.

“म्हणजे आपणही बॅन करायचं,” मित्र म्हणाला. “नाहीतर उद्या प्रत्येकजण म्हणेल, मला काय माहीत.”

त्याचा मुद्दा हलका नव्हता. हातात आलेली वस्तू आपली नाही हे कळल्यावरही वापरत राहणं, ही चूकच आहे. पण मला त्या दोन रात्री सारख्या वाटत नव्हत्या, आणि अजूनही वाटत नाहीत. शुक्रवारी पोरानं ओरडून सगळ्यांना सांगितलं आणि मिळालेलं बहुतेक वाटून टाकलं. शनिवारी तो लपून खेळला. पहिली रात्र आमची होती, दुसरी त्याची. शिक्षा द्यायचीच तर दुसऱ्या रात्रीची द्यावी.

मी मुलाला फोन केला. दुपारी तो मामांबरोबर ऑफिसला आला. घामाघूम झाला होता. खाली बघूनच म्हणाला, “सर, मला वाटलं तुम्ही नुकसानभरपाई म्हणून दिली. क्षमस्व लिहिलं होतं ना.”

मी विचारलं, आणि शनिवारी?

बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “शनिवारी कळलं होतं.”

मामा त्याला रागवायला लागले, तेव्हा मीच त्यांना थांबवलं. त्याच्या पहिल्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्णनाच्या कोऱ्या रकान्यात मी एक ओळ लिहिली असती, ‘ही वस्तू तपासणीसाठी आहे, तुमच्याकडे आली असल्यास आम्हाला कळवा’, तर शुक्रवारीच सगळं थांबलं असतं. तो मुलगा तसा आहे, एवढं मला त्या दहा मिनिटांत कळलं. दीड वर्षात ती ओळ लिहायला मला एक मिनिट मिळालं नव्हतं.

हिशेब

वस्तू काढून घ्यायला दोन सेकंद लागले. तिनं जे केलं होतं ते काढून घ्यायला तीन दिवस गेले, आणि या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो.

सोपा मार्ग रोलबॅकचा: अख्खा खेळ शुक्रवारी दुपारच्या स्थितीला नेऊन ठेवायचा. म्हणजे एका घोंगडीपायी चारशे लोकांचे तीन दिवस पुसायचे. गुरुवारीच त्यांची चाळीस मिनिटं गेली होती. आम्ही हा मार्ग पहिल्या चर्चेतच सोडला.

दुसरा मार्ग माग काढण्याचा. आमच्या खेळात प्रत्येक वस्तूच्या प्रत्येक नगाला स्वतःचा अनुक्रमांक आहे. त्यामुळे अडतीसही कट्यारी कुठे आहेत ते दिसत होतं. एकवीस पेटीत, नऊ मित्रांकडे, आठ विकलेल्या. विकलेल्या आठांपैकी दोन लोहाराकडे वितळवून त्यांच्या ढाली झाल्या होत्या. वितळलेल्या वस्तूचा अनुक्रमांक तिथेच संपतो. या दोन आम्ही सोडून दिल्या. घेणाऱ्यांनी रोख होन मोजले होते, आणि त्या ढाली हातात घेऊन ते पुढच्या लढायाही लढले होते. बाकीच्या छत्तीस परत घेतल्या.

वस्तूंचं इथवर नीट झालं. पैशाचं तसं होत नाही. होनावर अनुक्रमांक नसतो. मुलाला अडीच लाख मिळाले. त्यातले सत्तर हजार त्याच्या थैलीत होते. एक लाखाचा घोडा त्यानं खेळातल्या सरकारी पागेतून घेतला होता. उरलेले ऐंशी हजार त्यानं दुसऱ्या खेळाडूंकडून जडीबुटी, दाणागोटा, कापड घेण्यात घालवले होते. हे ऐंशी हजार त्या विक्रेत्यांच्या थैलीत गेल्यावर त्यांच्या आधीच्या होनांत मिसळले. त्यातला कुठला होन घोंगडीचा आणि कुठला घामाचा, हे सांगायला कुठलाच लॉग पुरा पडत नाही. आणि ज्यानं प्रामाणिकपणे दाणागोटा विकला त्याच्या थैलीत आम्ही कुठल्या तोंडानं हात घालायचा?

म्हणून असं केलं. ज्यांच्या कट्यारी परत घेतल्या त्या सहा जणांना त्यांनी मोजलेली पूर्ण रक्कम द्यायची ठरली. वितळवलेल्या दोन छत्तीस आणि तीस हजारांच्या होत्या, त्या वजा जाता एक लाख चौऱ्याऐंशी हजार. मुलाच्या थैलीतले सत्तर हजार आणि घोडा परत करून आलेले एक लाख, मिळून एक लाख सत्तर हजार. चौदा हजार कमी पडले. ते आम्ही खजिन्यातून नवे पाडून दिले. म्हणजे त्या आठवड्यात खेळात चौदा हजार होन कष्टाशिवाय आले, आणि दोन ढाली. चारशे माणसांच्या बाजारात एवढं पचतं. आणखी चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नसतं तर पचलं नसतं.

मुलाचं खातं पंधरा दिवस बंद ठेवलं. दुसऱ्या रात्रीसाठी. त्याची आधीची सगळी कमाई, पदं, गटातली जागा तशीच ठेवली, आणि हरवलेली त्याची खरी धनगरी घोंगडी त्याला परत दिली. नऊ मित्रांना काहीही शिक्षा नाही. बॅनचा आग्रह धरणारा मित्र या निर्णयावर आजही पूर्ण खूश नाही, हेही इथे नोंदवतो.

‘पोरगं कुणाचं?’

मंगळवारी नवीनच त्रास सुरू झाला. खेळाडूंत कुजबुज झाली की मुलगा ताईंचा भाचा आहे, म्हणून शिक्षा कमी. तो भाचा नाही. पण सांगलीसारख्या गावात दोन माणसांमध्ये दोन-तीन दुवे जोडले की कुणीतरी कुणाचंतरी लागतंच. ताईंचं माहेर तासगावकडचं, तेवढं पुरलं.

या बाबतीत मला आइसलँडचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ आठवला. तिथे कंपनीच्याच एका कर्मचाऱ्यानं आपल्या गटासाठी दुर्मीळ जहाजांचे आराखडे मिळवले होते. ते फेब्रुवारी २००७मध्ये उघड झालं आणि खेळाडूंचा कंपनीवरचा विश्वासच हलला. त्यानंतर कंपनीनं कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर नजर ठेवणारा विभाग नेमला, आणि २००८पासून खेळाडूंनी निवडून दिलेली समिती सुरू झाली. आमचं प्रकरण त्या जातीचं नव्हतं, पण बाहेरून बघणाऱ्याला चूक आणि मेहेरनजर सारखीच दिसते. वस्तू एकाला मिळाली, बाकीच्यांना नाही, एवढंच त्याला दिसतं.

म्हणून आम्ही सगळा लॉग उघडा केला. मुलाचं खेळातलं नाव झाकलं, बाकी सगळं ठेवलं: घोंगडी कुणी बनवली, कधी, कशासाठी, कुठल्या पडद्यावरून किती वाजता गेली, किती कट्यारी, कुणाचे किती होन परत केले, किती नवे पाडले. पहिल्या ओळीत मी माझं नाव घातलं. ताईंचं घातलं नाही, कारण चूक पडद्याची होती. दोन दिवसांत कुजबुज थांबली. अडत्याकाकांनी तो हिशेब ओळीनं वाचला आणि फोनवर एकच शंका विचारली, चौदा हजार कुठनं आणले म्हणून. सांगितल्यावर म्हणाले, “लिहिलंय ते बरं केलं.”

त्यांनीच मला त्या दिवशी हरिपूरच्या पेवांची गोष्ट सांगितली. सांगलीलगत, कृष्णेच्या काठी, जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद ठेवायची पद्धत होती. वरून बघणाऱ्याला नुसती जमीन दिसायची. “पण पेव लपलेलं नसतंय ओ,” ते म्हणाले. “कुणाचं कुठं, आत किती पोती, हे लिहिलेलं असतंय. वरनं दिसत न्हाई एवढंच.” २००५च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि फार हळद गेली, हेही त्यांनी सांगितलं. माझ्या घोंगडीची नोंद कुणाकडे होती? माझ्या डोक्यात. ताईंना ती वस्तू अस्तित्वात आहे हेच माहीत नव्हतं.

आणि ज्यांच्यापासून ती लपवली असं मी समजत होतो, त्यांच्यापैकी एकाला ती माहीत होती. मिरजेचा एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी वर्षभरापूर्वीच खेळाच्या फायली उघडून बसला होता. चित्रं आणि वस्तूंची नावं खेळाडूच्या मोबाइलवरच असतात, त्यामुळे हे अवघड नाही. मोठ्या खेळांच्या बाबतीत तर लोक दर बदलानंतर हेच करतात. त्यानं आम्हाला विचारलंही होतं, ही दुसरी घोंगडी कुठे मिळते? मी उत्तर दिलं होतं, जुनं काहीतरी राहिलंय, दुर्लक्ष कर. त्याचा तो मेसेज मला मंगळवारी रात्री सापडला. आपण काय केलं ते त्या रात्री मला नीट कळलं. एका खेळाडूनं बोट ठेवून दाखवलं होतं आणि मी त्याला परत पाठवलं.

काय बदललं

ताई आता वस्तू परत देतात तेव्हा त्यांना मास्टर तक्ता दिसत नाही. त्या खेळाडूकडे गेल्या तीस दिवसांत ज्या वस्तू होत्या तेवढ्याच दिसतात. जे कधी त्याचं नव्हतं ते परत देता येत नाही. हा बदल एका दुपारचा होता. गडावर दिवसाला दोनदाच जाता येतं. आठ मिनिटांच्या आत किल्लेदार पडला तर आमच्या चौघांच्या फोनवर घंटा वाजते.

यापेक्षा खोल बदल वेगळा आहे. आधी आम्ही फक्त देताना तपासत होतो: ही वस्तू देणारा अधिकारी आहे का? वापरताना काहीच विचारत नव्हतो. घोंगडी ज्याच्या अंगावर, त्याची ताकद. आता कुठलीही विशेष क्रिया करताना सर्व्हर खात्याला विचारतो, तुला हा अधिकार आहे का? अधिकार खात्याला चिकटलेला असतो, तो टपालाने जात नाही. खात्यावरची अशी अधिकाराची खूणही फसू शकते म्हणा. १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’च्या चाचणीत खेळाचा निर्माता रिचर्ड गॅरियट स्वतः ‘लॉर्ड ब्रिटिश’ हा राजा बनून आला होता. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर त्याच्या पात्राला अजिंक्य ठेवणारी खूण लावायची राहिली, आणि एका खेळाडूनं टाकलेल्या आगीत राजा सगळ्यांसमोर मेला. पण तिथे फसलेली खूण एका राजाला घेऊन गेली, कुणाच्या पेटीत जाऊन बसली नाही.

आणि गडाची तपासणी? त्यासाठी घोंगडी लागतच नव्हती, हे कळायला एवढं सगळं घडावं लागलं. आता आमच्याकडे तपासणीचा वेगळा सर्व्हर आहे. तिथला किल्लेदार एका वारात पडतो, कारण तिथे त्याचं बळच शंभरावर ठेवलं आहे. खेळाडूला बलवान करण्याऐवजी शत्रूला दुबळं केलं. काम तेवढंच होतं, तीन मिनिटांतच होतं. पण दुबळा किल्लेदार कुणाच्या टपालात जाऊन पडत नाही. तो त्या एका मशीनवर उभा असतो आणि तिथेच राहतो. वस्तूंच्या तक्त्यात मला अशा आणखी सहा चीजा सापडल्या: एक न संपणारी थैली, दोन किल्ल्या, एक घोडा, दोन तलवारी. सगळ्यांची नावं साधी, वर्णनं कोरी. त्या सगळ्या काढल्या.

कट्यारीचा भाव तीन आठवड्यांत सदतीस हजारांवर आला. चाळीसला अजून गेलेला नाही. दिवसाला दोनदाच्या बंधनानं खरं तर वाढायला हवा होता, पण काका म्हणतात, एकदा बावीसला घेतलेलं गिऱ्हाईक लगेच चाळीस मोजत नाही. मुलगा सोळाव्या दिवशी परत आला. आल्या आल्या त्यानं तपासणीच्या सर्व्हरवर काम करायला मिळेल का असं विचारलं. बारावी झाल्यावर ये, असं मी त्याला सांगितलं आहे.

तक्त्यात ११७ची ओळ मी पुसलेली नाही. पुसली तर तो क्रमांक उद्या दुसऱ्या एखाद्या वस्तूला मिळेल, आणि जुन्या लॉगमध्ये अडतीस कट्यारींच्या आधी भलतंच नाव दिसेल. क्रमांक तसाच आहे. चित्र काढलं, ताकद काढली, आणि वर्णनाच्या रकान्यात आता तारीख आणि चार ओळी आहेत.